सव्वा गुंठ्याचा खेळ



पेण-रोहा तालुक्यांतून आलेल्या क्रीडाशिक्षकांपुढे अध्यक्षाने खेळाचं महत्त्व सांगायचं, अशी एक रीत आहे. ती मी मोडणार आहे. सकाळी फक्कीची पिशवी घेऊन मैदानावर उभ्या राहणाऱ्या माणसांना खेळाचं महत्त्व कुणी सांगू नये. मला बोलायचंय ते नकाशाबद्दल. कुठला खेळ कुठे रुजला, कुठे नाही, आणि तो नेमका तिथेच का?

जरा लांबून सुरुवात करतो. डिस्क गोल्फ नावाचा एक खेळ आहे. फ्रिस्बीपेक्षा लहान, पातळ कडेची तबकडी फेकायची आणि शंभरेक मीटरवरच्या खांबाला लावलेल्या साखळ्यांच्या टोपलीत कमीत कमी फेकींत पोचवायची. या खेळाचं पहिलं कायमचं मैदान १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये आखलं गेलं. आखणाऱ्याचं नाव एड हेड्रिक. साखळ्यांची ती टोपलीही त्यांचीच. २००२ साली हेड्रिक वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून तबकड्या बनवल्या. असली भक्ती आपल्या एखाद्या कबड्डीवेड्यालाही सुचली नसती.

आज या खेळाची मैदानं जगभर हजारोंनी आहेत, त्यातली बहुतेक एकट्या अमेरिकेत. लोकसंख्येच्या मानाने मोजलं तर मात्र आइसलँड, फिनलंड, एस्टोनिया हे कमी वस्तीचे देश पुढे जातात. भारतात अशी मैदानं फारच थोडी. म्हणजे फिनलंडच्या माणसाच्या मनगटात काही वेगळं आहे का? तसं काही नाही. तिथे नगरपालिकांच्या ताब्यात जंगल आहे, आणि जंगलातून कुणीही हिंडावं हा जुना हक्क समाजाने जपला आहे. या खेळाला झाड तोडावं लागत नाही, हिरवळ राखावी लागत नाही. उलट झाड हाच अडथळा, म्हणजे खेळाचा भाग. अठरा टोपल्या रोवल्या की मैदान तयार. अमेरिकेतही हेच झालं, फक्त जंगलाच्या जागी सार्वजनिक उद्यानं आली. जागा आधी होती, आवड मागून आली.

आपल्याकडेही तेच. राज्यातल्या गोल्फचा नकाशा काढून बघा. पुणे, देवळाली, कुलाबा. जिथे लष्कराची छावणी किंवा साहेबाचा क्लब, तिथे गोल्फ. आपल्या रायगड जिल्ह्यात तो आला खारघरला, तेही सिडकोने. का, तर जमीन सिडकोच्या हातात होती. पनवेल तालुक्यातल्या गावकऱ्यांना गोल्फची आवड जडली म्हणून तो आला, असं कुणी म्हणणार नाही.

आता हाच हिशेब आपल्या गुंठ्यांत करू, कारण आपल्याला मीटरपेक्षा गुंठा लवकर कळतो. अठरा टोपल्यांच्या डिस्क गोल्फला टोपलीमागे साधारण एक एकर धरतात. गोल्फला शंभर एकरांच्या पुढे. फुटबॉलचं पूर्ण मैदान, १०५ बाय ६८ मीटर, पावणेदोन एकर. खो-खोचं २७ बाय १६ मीटर म्हणजे सव्वाचार गुंठ्यांच्या आसपास. आणि पुरुषांच्या कबड्डीचं १३ बाय १० मीटर म्हणजे सव्वा गुंठ्याहून किंचित जास्त. मुलींचं १२ बाय ८, म्हणजे गुंठाभरसुद्धा नाही. रायगड ही कबड्डीची खाण, असं भाषणांत नेहमी म्हणतात. आगरी-कोळ्यांच्या अंगातली रग, खाडीचे मासे, मेहनतीचं काम, अशी कारणंही देतात. ती खोटी नाहीत. पण जिथे भाताचं एकेक खाचर ओंजळीएवढं आणि त्यातही चार भावांचा हिस्सा, तिथे सव्वा गुंठ्यात मावणारा खेळच टिकणार, हे कारण मला जास्त पटतं.

त्या खाचराचंही वेळापत्रक आहे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ते भाताचं. कापणी झाली, भारे खळ्यावर गेले, की ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, चोपायचं, की झालं मैदान. शेजारच्या खाचरात टेनिस चेंडूचं क्रिकेट. गावोगावच्या स्पर्धा सगळ्या या कोरड्या महिन्यांत होतात त्या यामुळे. पण ज्याने कापणीनंतरच्या ओलीवर वाल पेरला, त्याचं शेत गेलं. वालाच्या शेंगांची पोपटी आपण सगळेच चवीने खातो, पण त्या शेंगांनी किती मैदानं खाल्ली ते मोजत नाही!

रोह्याकडे तर आणखी मजा आहे. १९२०च्या दशकात मुळशीला धरण बांधलं गेलं. सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, मावळातली गावं पाण्याखाली गेली, आणि ते पाणी सह्याद्रीतून खाली आणून १९२७ साली भिऱ्याला वीजघर सुरू झालं. वीज करून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून ते कालव्यांना जातं, आणि कालव्याखालच्या गावांत उन्हाळी भात होतो. म्हणजे ज्या महिन्यांत पेणच्या खारपट्टीतली पोरं मोकळ्या खाचरात चढाया करतात, त्या महिन्यांत कालव्याखालच्या खाचरात पुन्हा चिखल. एकाच जिल्ह्यातल्या शेजारच्या दोन तालुक्यांत खेळाचा हंगाम असा वेगळा होतो. त्याला कारण मुंबईला जाणारी वीज.

त्याच पाण्याने कोलाडला एक नवा खेळ दिला. सकाळी वीजघरातून पाणी सुटलं की कुंडलिकेवर रबरी होड्या निघतात. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. राफ्टिंगला वाहतं पाणी लागतं, आणि पावसाळा संपला की कोकणातल्या बहुतेक नद्या खडकांत पाय ओले होतील एवढ्याच उरतात. कुंडलिका तेवढी वाहते, कारण वरून कुणीतरी चावी फिरवतो. आपल्या पोरांना यातून काम मिळालं, गाइड झाले, होड्या चालवायला शिकले. चांगलंच आहे. पण होडीत बसून खेळणारी त्यांतली किती आणि वल्हं धरून पैसे कमावणारी किती, हा प्रश्न क्रीडाशिक्षकाने विचारायला हरकत नाही.

शालेय स्पर्धांबद्दल फार बोलत नाही, तुम्हीच बोला. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात तालुका-जिल्हा पातळीवरच्या स्पर्धा ऑगस्टपासून धरायच्या, हे वेळापत्रक कोकणात राहणाऱ्या माणसाने केलेलं नाही, एवढंच म्हणतो.

मॅटबद्दल मात्र बोलायलाच हवं. कबड्डी मातीवरून मॅटवर गेली. १९९०च्या बीजिंग एशियाडमध्ये ती आली, २०१४ला टीव्हीवरची लीग सुरू झाली, तेव्हापासून पोरांची नजर तिकडे लागली. लागणारच. पण माती घरामागे असते आणि मॅट तालुक्याला. मुलगा सरावाला जातो, येताना कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून परततो. मुलगी संध्याकाळच्या शेवटच्या एसटीच्या हिशेबात अडकते, आणि दहावीनंतर तिचं नाव संघाच्या यादीतून गळतं. मैदान सव्वा गुंठ्याचंच राहिलं, पण त्याचं घरापासूनचं अंतर वाढलं. मुलींच्या संघांची पडझड आपण शिस्तीत आणि आहारात शोधत बसतो. मला ती एसटीच्या वेळापत्रकात दिसते.

आता मुद्द्याच्या गोष्टीवर येतो. पेणकरांना २१ सप्टेंबर २००८ आठवत असेल. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, म्हणजे सेझसाठी, जमिनी द्यायच्या का, यावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी मतदान केलं होतं. पुढे सेझ झाला नाही. सेझविरोधी आंदोलनात शेतीबद्दल, पाण्याबद्दल, घरांबद्दल पुष्कळ बोललं गेलं, आणि ते योग्यच होतं. पण आमच्या गावाचं खेळायचं मैदान अमुक गट नंबरात आहे, असं कुठल्या निवेदनात लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. कारण तसं मैदान कागदावर नव्हतंच. होतं ते कुणाच्या तरी खाचरात, देवळापुढच्या मोकळ्या जागेत, होळीच्या माळावर, गुरचरणात.

आणि २०२४ साली उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी एमएमआरडीएची नेमणूक झाली आहे. अटल सेतू खुला झाला, मुंबई जवळ आली. नवनगराचा आराखडा होईल, त्यात खेळाच्या मैदानांची आरक्षणंही पडतील. ती कुठे पडणार? जिथे जमीन सहज मिळेल तिथे, हे आपण खारघरला पाहिलं. उद्या तिथे डिस्क गोल्फसुद्धा येईल, आणि मला त्याचं वावडं नाही. आपल्या वरकस जमिनी, उतार, मध्येच एखादं ऐनाचं झाड, या खेळाला मानवेलही. पण आज ज्या गावात पोरं चढाया मारतात, त्या गावातल्या पोरांचा सव्वा गुंठा त्या आराखड्यात आधी यायला हवा.

रोहेकरांनी हा पेणचा प्रश्न म्हणून सोडून देऊ नये. धाटावची औद्योगिक वसाहत वसली, तेव्हा कुठल्या गावचा माळ गेला, हे सांगणारी म्हातारी माणसं तुमच्या शाळांच्या आसपास अजून आहेत. त्यांना विचारा. लिहून घ्या.

मी संयोजकांना सांगून चहाच्या टेबलापाशी छापील कागद ठेवले आहेत. रकाने चारच. गावातली मुलं प्रत्यक्षात खेळतात ती जागा, तिचा गट नंबर, सातबाऱ्यावर नाव कुणाचं, आणि वर्षातले कोणते महिने ती खेळायला मिळते. शाळेच्या दप्तरात जे मैदान लिहिलंय ते नको, ते सरकारकडे आहेच. मुली वेगळ्या जागी खेळत असतील तर त्या जागेसाठी वेगळा कागद घ्या. गट नंबर पाठ नसेल तर चतुःसीमा लिहा. तलाठ्याकडून उतारे काढायचं काम जेवणानंतरच्या सत्रात आपण दोन्ही तालुक्यांतून दोघादोघांवर सोपवणार आहोत. ज्यांची तयारी असेल त्यांनी नावं आत्ताच द्यावीत.