तीस पौंड आणि तीस हजार पौंड



कादंबरी केवळ प्रेमकथा म्हणून वाचली की तिच्यातील हिशेब नजरेतून निसटतात. शार्लट ब्रॉण्टेची ‘जेन एअर’ १८४७ साली ‘करर बेल’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. नायिका जेन थॉर्नफील्डच्या वाड्यात शिक्षिका आहे. पगार वर्षाला ३० पौंड. वाड्याचा मालक रॉचेस्टर याला पहिल्या पत्नीकडून, जमैकातील मळेवाल्याची कन्या बर्था हिच्याकडून, मिळालेला हुंडा ३०,००० पौंड. म्हणजे जेनचा एक हजार वर्षांचा पगार! जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून बापाने इस्टेट थोरल्या मुलाला दिली आणि धाकट्याची सोय वसाहतीतल्या पैशातून लावली. शार्लटने हे सारे स्वच्छ लिहिले आहे. १८४१ साली ती स्वतः २० पौंडांवर शिक्षिका होती व त्यातूनही धुलाईचे ४ पौंड कापले जात. पैशाचे मोल तिला कोणी शिकवायला नको होते. बर्थाला मात्र तिने माळ्यावर कोंडले आणि स्वतःची बाजू मांडू दिली नाही.

विवाहित स्त्रीची कमाई तेव्हा कायद्याने पतीची असे. गिरणी कामगारांचे जिणे ‘मेरी बार्टन’मध्ये मांडणाऱ्या एलिझाबेथ गॅस्केलला १८५० साली एका कथेचे २० पौंड मिळाले; ते पतीने शांतपणे खिशात घातल्याचे तिने पत्रात थट्टेने नोंदवले आहे. (गृहस्थ सज्जन होते, दोष कायद्याचा.) स्वतःच्या कमाईवर हक्क १८७० च्या कायद्याने आला, इतर मालमत्तेवर १८८२ च्या.

या युगावर आज विपुल कादंबऱ्या लिहिल्या जातात. पुष्कळ ठिकाणी धुके, घोडागाड्या आणि आजचे विचार बोलणारी नायिका एवढेच भांडवल असते. वाचक स्वतःच्या प्रगतीवर खूष होतो. डोमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हीसची ‘वाइड सारगॅसो सी’ (१९६६) या वाटेने जात नाही. बर्थाची कथा तिने गुलामगिरी-निर्मूलनाच्या १८३३ च्या कायद्यानंतरच्या काळात नेली. त्या कायद्याने मालकांना २ कोटी पौंड भरपाई दिली. मुक्त झालेल्यांच्या हाती काहीच आले नाही. उलट १८३८ पर्यंत बहुतेकांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्याच मालकांकडे राबावे लागले. कादंबरीच्या आरंभी एक मळेवाला या भरपाईची वाट पाहत जीव देतो. पुढे लग्न ठरते आणि ते ३०,००० पौंड कोणत्याही अटीविना नवऱ्याच्या हवाली होतात. स्त्रीधनाचा करार करून घ्या, असे बजावणारी एकटी वृद्ध मावशी. तिचे कोणी ऐकत नाही. ती मुलीच्या हाती गुपचूप आपल्या अंगठ्या देते.

तरीही ही मळेवाल्यांच्या लेकीचीच बाजू आहे. पूर्वी गुलाम असलेली ख्रिस्तोफिन तिला नवरा सोडण्याचा सल्ला देते. तिची स्वतःची तीन मुले आहेत. तिने नवरा केलेला नाही आणि आपला पैसा आपल्याच हाती ठेवला आहे. कादंबरीतील सर्वांत स्वतंत्र स्त्री हीच. पण नवऱ्याला खडे बोल सुनावून ती निघून जाते, आणि त्यानंतर तिचे काय झाले हे ऱ्हीसही सांगत नाही.