आवाज खाली ठेवण्याचे धाडस



वसंतातल्या या व्यासपीठावरून संतांवर, शेतीवर, इतिहासावर व्याख्याने होतात. आज आम्ही एका ध्वनिमुद्रिकेवर, तीही अमेरिकेत निघालेल्या, बोलणार हे कळल्यावर काहींच्या भुवया वर गेल्या असतील. हरकत नाही. ती तबकडी प्रथम ऐकली तेव्हा आमच्याही गेल्या होत्या.

तिचे नाव ‘शक्ती’. ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्क राज्यातील साउथहॅम्प्टन कॉलेजात झालेल्या मैफलीचे हे ध्वनिमुद्रण. ते १९७६ साली प्रसिद्ध झाले. वादक पाच. गिटारवर इंग्लंडचे जॉन मॅक्लॉफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर मुंबईचे झाकीर हुसेन, मृदंगावर रामनाद राघवन आणि घटमवर टी. एच. विनायकराम. घटम म्हणजे काय? मातीचा घडा! पोटाशी धरून बोटांनी वाजवायचा.

यात विक्षिप्त काय, ते समजण्यासाठी मॅक्लॉफ्लिन कोण, हे जाणले पाहिजे. जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडविलेले संगीत. आयत्या वेळी सुचेल तसा विस्तार करणे हा त्याचा प्राण. रॉक म्हणजे विजेच्या गिटारींचा आणि ढोलांचा दणका. या दोहोंचे लग्न लावणाऱ्यांत हे गृहस्थ अग्रभागी होते. १९६९ साली ते माइल्स डेव्हिस या थोर तुतारीवादकाच्या ध्वनिमुद्रणांत वाजवीत होते. १९७१ साली त्यांनी ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ काढला आणि त्याच्या गडगडाटाने तरुण श्रोते वेडे झाले. अशा माणसाने विजेची गिटार बाजूला ठेवली, मांडी घातली आणि शेजारी मातीचा घडा घेऊन बसलेल्या माणसाशी तालाच्या गोष्टी सुरू केल्या. चालत्या दुकानाला आपल्याच हाताने कुलूप लावण्याचाच हा प्रकार!

पण हे केवळ खूळ नव्हते. मॅक्लॉफ्लिन आधी वीणा शिकले होते. या मंडळासाठी त्यांनी खास गिटार करवून घेतली. तिला सतारीच्या तरफांसारख्या सात जादा तारा होत्या, आणि पडद्यांमधले लाकूड कोरून काढले होते. त्यामुळे तार दाबून, ओढून मींड घेता येई. पाहुण्याने यजमानाच्या घरी यावे आणि आपलीच खुर्ची बरोबर आणावी, असे त्यांनी केले नाही. ते सतरंजीवर बसायला शिकून आले.

दुसरी गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. तबला उत्तरेचा, मृदंग आणि घटम दक्षिणेचे. एकाच देशातले असूनही त्यांच्या बोलांची भाषा निराळी, हिशेब निराळे. ते एका बैठकीवर आले आणि कोणीही आपली भाषा सोडली नाही. त्या दिवशी झाकीर हुसेन अवघे चोवीस वर्षांचे होते. वडील अल्लारखांनी दिलेले पंजाब घराण्याचे बोल ते तसेच वाजवितात. मात्र विनायकरामांचा घडा बोलू लागला की तबला थांबतो, ऐकतो, आणि मग उत्तर देतो.

तबकडीवर रचना तीनच. पहिली, ‘जॉय’, सुमारे अठरा मिनिटांची आणि घोडदौडीची. दुसरी जेमतेम पाच मिनिटांची, अगदी शांत. तिसरी जवळजवळ अर्ध्या तासाची. दोष नाहीत असे नाही. कित्येक ठिकाणी वेग हाच हेतू होऊन बसतो आणि सर्कशीतल्या झुल्याकडे पाहावे तसे आपण श्वास रोखून ऐकतो. रागाचा संथ विस्तार शोधणाऱ्यास तो येथे मिळणार नाही. पण हे रागसंगीत नाही, हा दोष कसा? पिठल्यात पुरण नाही, ही तक्रार आपण कधी करतो काय? आमची सूचना एवढीच, की प्रथम मधली छोटी रचना ऐकावी. ‘जॉय’ दोनदा ऐकावी. एकदा गिटारसाठी, एकदा केवळ घड्यासाठी.

या मंडळाचा पुढचा अवतारही फळला. ‘धिस मोमेंट’ या ध्वनिमुद्रिकेस २०२४ च्या फेब्रुवारीत ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तीत विनायकरामांचे चिरंजीव सेल्वगणेश आणि आपल्या ओळखीचे शंकर महादेवन होते. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीर हुसेन गेले.

हिंगोलीत हे सांगण्याचे कारण आहे. आज आपल्या मिरवणुकांत आवाजाच्या भिंती उभ्या राहतात. खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही. दणका हीच शक्ती, असे आपल्या मुलांना वाटू लागले आहे. ज्याच्या हाती साऱ्या जगाचा दणका होता, त्याने तो खाली ठेवला आणि त्यानंतरच्या वाद्यमेळाला ‘शक्ती’ हे नाव दिले, ही गोष्ट त्यांना कोणी तरी सांगायला हवी.

औंढ्याची कथा आपण सारे जाणतो. नरसीच्या नामदेवांना देवळासमोरून उठविले. ते मागे जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. कथेचा ऐतिहासिक खरेपणा पंडितांनी पाहावा. आम्ही त्यातून एवढेच घेतो, की नामदेवांनी आवाज चढविला असे कथा सांगत नाही. फिरला तो ऐकणारा.

आपणही एक संध्याकाळ असे फिरून पाहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.