पोट उघडल्यावर जे दिसते त्याविषयी



वैद्यक हा आमचा विषय नव्हे. परंतु ज्ञातीत कोणाची शस्त्रक्रिया निघाली की संमतिपत्रक वाचून दाखविण्याचे काम पुष्कळदा आम्हांकडे येते, म्हणून चार शब्द बोलतो.

आंत्रपुच्छासाठी पोट उघडावे आणि आत भलतेच काही दिसावे, असे घडते. लहान आतड्याच्या शेवटाकडल्या २ फुटांत सुमारे २ इंच लांबीची एक पिशवी काही जणांस जन्मतःच असते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहान फ्रीड्रिख मेकेल याने १८०९ साली तिचे वर्णन केले. गर्भाचे आतडे व पीतककोश यांस जोडणारी नळी जन्मापूर्वीच नाहीशी व्हावयाची. ती अर्धवट उरली म्हणजे ही पिशवी बनते. शंभरांत सुमारे दोघांस ती असते, आणि त्यांतील बहुतेकांस जन्मभर तिचा पत्ताही लागत नाही. मग दिसली की कापावी काय? येथे शल्यवैद्यांत एकमत नाही. रोगी लहान वयाचा असला, पिशवी लांब असली अथवा तीत गाठ हातास लागली तर काढावी, असा पुष्कळांचा कल. एरवी ती राहू द्यावी. कारण कापलेले आतडे शिवावे लागते, आणि टाका सुटून पू झाला तर नसते दुखणे पदरी येते. "दिसले ते काढून टाका" हा आपल्या घरांतील आग्रह आम्हांस पसंत नाही तो यासाठीच.

आता सहीविषयी. मे १९९५ मध्ये दिल्लीत ४४ वर्षांच्या एका अविवाहित बाईंच्या पोटाची दुर्बिणीने तपासणी चालू होती. गर्भाशयाच्या अस्तरासारखा पेशीसमूह बाहेर वाढलेला आढळला. हा विकार म्हणजे कर्करोग नव्हे. बाई बेशुद्ध असता बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय व दोन्ही बीजकोश काढण्यात आले. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि जीव धोक्यात नसता सज्ञान रोग्याच्या वतीने आईची संमती चालत नाही. शल्यवैद्यांचे शुल्क नाकारून वर २५,००० रुपये भरपाई देवविली. रक्कम आम्हांस तोकडी वाटते.

पुढे लागू शकणाऱ्या कामाची संमती आगाऊ देता येते, हेही त्याच निर्णयात आहे. यास्तव आदल्या दिवशीच रोग्याने स्वतः विचारावे : दुसरे काही दिसले तर काय काढाल, काय ठेवाल? ठरेल ते पत्रकावर लिहवून घ्यावे. बाहेर बसणाऱ्यांपुढे ऐनवेळी नवा कागद आलाच, तर प्राणास धोका आहे काय, एवढे आधी विचारावे. काढलेला भाग तपासणीस गेला की नाही याची चौकशी करून त्याचा अहवाल घरी जपून ठेवावा. पुढच्या वैद्यास तोच लागतो.