सवलतीचे डाव आणि त्यांच्या नोंदी



बलवान खेळाडूने आपले एखादे मोहरे आधीच पटावरून उतरवून दुसऱ्याशी खेळावे, ही बुद्धिबळातील रीत एकोणिसाव्या शतकात सर्वमान्य होती. युरोपात तिच्या पायऱ्या ठरलेल्या असत : प्यादे व पहिली खेळी, प्यादे व दोन खेळ्या, मग घोडा, हत्ती आणि अखेर वजीर. म्हणून त्या काळची नोंद वाचताना निकालाआधी सवलत पाहावी. हत्ती सोडून खेळणाऱ्याने दहापैकी चार डाव जिंकले, तर त्याला पराभूत म्हणावे काय?

पुष्कळदा नक्कल करताना सवलतीचा उल्लेखच गळतो. अशा वेळी डाव पटावर मांडून पाहावा. घोडा हललेला नाही, मारलाही गेलेला नाही, तरी त्याच्या घरात हत्ती येऊन बसतो! मग उमगते, तो घोडा मुळात पटावर नव्हताच.

आपल्या देशातील एक नोंद या दृष्टीने मोलाची आहे. कलकत्त्याच्या बुद्धिबळ क्लबातील एका सदस्याने १८४८ च्या सुमारास महेशचंद्र बंद्योपाध्याय या खेडेगावातील ब्राह्मणास शोधून काढले. बॅरिस्टर जॉन कॉक्रेन यांच्याशी सवलतीविना टक्कर देऊ शकेल असा कलकत्त्यात हा एकच, असे १८५० मध्ये लंडनच्या बुद्धिबळ मासिकात छापून आले. इंग्रजी पानांवर त्यांचे नाव नाना तऱ्हांनी लिहिले गेले; परंतु ‘सवलतीविना’ या एका शब्दाने त्यांची योग्यता टिकवून ठेवली. १८५५ मध्ये त्यांनी योजलेला एक बचाव पुढे, विसाव्या शतकात, ग्रुनफेल्ड या ऑस्ट्रियन खेळाडूच्या नावे प्रसिद्ध झाला.

आपल्या मुंबई इलाख्यात त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा मूळ संस्कृत ग्रंथ १८१४ मध्ये मुंबईत इंग्रजीत छापला गेला. १८१७ मध्ये, ज्या वर्षी येथे खडकीची लढाई झाली त्याच वर्षी, त्यावर आधारित पुस्तक लंडनमध्ये निघाले. त्यात मुख्यतः पटावरील बिकट स्थिती आहेत.

आपल्याकडे ‘प्याद्यानेच मात करीन’ असा पण लावून खेळत. ही सवलतच, मात्र सोळाही मोहरी पटावर असतात, त्यामुळे डाव पुन्हा मांडूनही ती सापडत नाही. उलट, सरळ मात सोडून आडवाटेने गेलेला तो खेळाडू वाचणाऱ्याला अडाणी भासतो. घरातील जुन्या वह्यांत असे डाव आढळल्यास खेळ्यांबरोबर समासातील मजकूरही उतरवून घ्यावा. पण लिहिला असेल, तर तो तिथेच सापडेल.