मुलांची परीक्षा आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आमंत्रण घेऊन चिटणीसबाई घरी आल्या तेव्हा मी त्यांना प्रथम नाहीच म्हटले. माझा सारा जन्म फळ्यासमोर बोलण्यात गेला हे खरे. पण तेथील श्रोत्यांना उठून जाण्याची मुभा नव्हती, तुम्हाला आहे! परंतु त्यांनी विषयच असा काढला की नकार टिकेना. "पाचवी-आठवीची परीक्षा पुन्हा आली, आयांनी धास्ती घेतली आहे, चार शब्द सांगा," असे त्या म्हणाल्या. धास्ती घालविण्याइतके माझे शब्द मोठे नाहीत. मला एक हकीगत तेवढी सांगावयाची आहे, आणि तिच्यात चूक माझी आहे.

१९८४ सालची गोष्ट. पैठणच्या बाजूला एका खेड्यात मी चौथीला शिकवीत असे. कडक बाई म्हणून माझा लौकिक होता आणि, खोटे कशाला बोलू, तो मला आवडे. वार्षिक परीक्षेत एक मुलगी गणितात चार गुणांनी गेली. इतर विषय बरे होते. वाचन तर साऱ्या वर्गात तिचे चांगले. त्या चार गुणांचे काय करावे हे माझ्या हाती होते. मी तिला त्याच वर्गात बसविले. पाया पक्का होईल अशी माझी प्रामाणिक समजूत! जूनमध्ये शाळा उघडली, पण ती आली नाही. आठ दिवस वाट पाहून मी घरी गेले. तिचे वडील गोठ्याशी उभे होते. ते अगदी अदबीने म्हणाले, "बाई, पोरीला डोकं नाही हे तुम्हीच लिहून दिलंत की. आता आम्ही काय करावं?" तिचा धाकटा भाऊही त्या वर्षी दुसरीत नापास झाला होता. तो मात्र दप्तर घेऊन रोज शाळेत येत होता.

सोळाव्या वर्षी तिचे लग्न झाले. मला अक्षता आली होती. मी गेले नाही.

पुढे २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत कोणाही मुलाला मागे ठेवावयाचे नाही असे त्यात होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, म्हणजे एका पेपरावर भिस्त न ठेवता वर्षभर मुलाकडे पाहावयाचे. हे ऐकले तेव्हा मला प्रथम त्या मुलीची आठवण झाली. आता कोणा बाईच्या हातून असे होणार नाही, असे वाटून बरे वाटले.

तथापि, झाले काय? "नापास करू नका" याचा अर्थ "पाहूच नका" असा पुष्कळांनी घेतला. नोंदवह्या भरल्या, मुले रिकामी राहिली. आठवीतल्या मुलाला वर्तमानपत्रातील परिच्छेद धड वाचता येत नाही अशी तक्रार आया करू लागल्या, आणि ती खोटी नव्हती. मी अशी मुले पाहिली आहेत. म्हणून परीक्षाच नको म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. मुलाला काय येत नाही हे कळलेच पाहिजे. प्रश्न, कळल्यानंतर आपण काय करतो याचा आहे.

आता नवा नियम नीट ऐका, कारण अर्धी धास्ती अर्धवट ऐकण्यातून येते. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. पाचवी आणि आठवीच्या शेवटी परीक्षा घ्यावयाची. मूल नापास झाले तर त्याला जादा शिकवावयाचे. निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यावयाची. त्यातही ते गेले तर त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्याला आहे; मात्र आठवी पुरी होईपर्यंत शाळेतून काढावयाचे नाही. आपल्या राज्यात २०२३-२४ या वर्षापासून हे सुरू झाले. उत्तीर्ण होण्यास प्रत्येक विषयात शेकडा ३५ गुण लागतात. परीक्षा, जादा शिकवणी, फेरपरीक्षा, अशी ही साखळी आहे. तिच्यातली मधली कडी कोणाच्या लक्षात राहत नाही.

ती कशी राहत नाही ते मला २०२४ च्या मे महिन्यात कळले. दुपारी साडेतीनची वेळ. त्या दिवशी आमच्या गल्लीत नळाला पाणी येणार होते, म्हणून मी हंडे लावून बसले होते. दारात एक पन्नाशीची बाई उभी राहिली, सोबत दहा वर्षांची नात. मी ओळखले नाही. "बाई, मी," म्हणाली आणि गावाचे नाव सांगितले. माझी चौथीतली मुलगी! लेक-जावई कामासाठी शहरात आले, त्यांच्या पाठोपाठ हीही आली होती. नात पाचवीत गणितात नापास झालेली. निकालपत्र तिने पदराखाली धरून आणले होते. मला एका शब्दानेही दोष दिला नाही. एवढेच म्हणाली, "बाई, ह्या येळेला लिहून देऊ नका."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी शाळेत गेलो. शाळा कोणती ते सांगत नाही. तशा पुष्कळ आहेत. वर्गावरची बाई तरुण, बिचारी रडकुंडीला आलेली. १३ मे ला लोकसभेचे मतदान, तिची नेमणूक केंद्रावर; त्याआधी नाना तऱ्हेच्या ऑनलाइन माहित्या भरावयाच्या. "मी जादा शिकवू केव्हा?" असे तिने मलाच विचारले. फेरपरीक्षा जूनमध्ये होईल, एवढे मुख्याध्यापकांना ठाऊक होते. शिकविण्याचे कोणीच ठरविले नव्हते.

मग मी शाळा व्यवस्थापन समितीची वही मागितली. सरकारी आणि अनुदानित शाळांत ही समिती कायद्याने लागते. तिच्यात निदान पाऊण सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. वहीत सहा बायकांची नावे होती. आम्ही घरोघर गेलो, तर त्यांपैकी तिघींना आपण सभासद आहोत हेच माहीत नव्हते! सही कधी, कशावर केली, कोणास आठवेना. एकीचे यजमान म्हणाले, "तिला काय कळतं त्यातलं?" त्या माउलीने त्यांच्यादेखत अर्जावर सही केली. अर्ज साधा होता: जादा शिकवणी कोण, केव्हा देणार ते लेखी कळवावे. नऊ सह्या झाल्या, त्यांत दोन शाळेतल्याच शिक्षिकांच्या. नोकरीत असलेल्या बाईने असल्या अर्जावर सही करणे किती अवघड असते हे मला विचारा. मुख्याध्यापक आधी रागावले. दोन दिवसांनी मात्र त्यांनी एका खोलीची किल्ली हाती दिली.

सकाळी सात ते नऊ, ऊन चढण्याआधी, आम्ही तिघीजणी पाळीपाळीने शिकवू लागलो. नापास मुले तीन. चौथ्या दिवशी नातीचे दुखणे सापडले. गुणाकार-भागाकार तिला चांगला येत होता. "प्रत्येकी" या शब्दाचा अर्थ तिला ठाऊक नव्हता! घरी "एकेकाला" म्हणतात. "प्रत्येकी किती मिळाले" असे आले की ती गणित सोडून देई. पेपरावर शेरा गणितात नापास, आणि अडलेले कोठे, तर मराठीत. हे गुणपत्रक कसे सांगणार? आणि १९८४ साली माझ्या मुलीचे काय अडले होते, हे मी तेव्हा विचारलेच नव्हते. आता तिलाही आठवत नाही.

नात फेरपरीक्षेत उत्तीर्ण झाली. दुसरा मुलगाही झाला. तिसरा आलाच नाही. त्याचे वडील वीटभट्टीवर कामाला. आम्ही गेलो तोवर बिऱ्हाड हललेले होते. शेजारी विचारले, कोणास पत्ता नाही.

परदेशातही हा वाद आहे. अमेरिकेतील सिएटल येथे गारफील्ड हायस्कूलच्या शिक्षकांनी जानेवारी २०१३ मध्ये एक ठरावीक चाचणी घेण्याचे साफ नाकारले. विद्यार्थी आणि पालक पाठीशी उभे राहिले, आणि मे महिन्यात तेथील हायस्कुलांपुरती ती सक्ती उठली. न्यूयॉर्क राज्यात २०१५ साली सुमारे दोन लाख मुलांना पालकांनी अशा परीक्षेला बसविलेच नाही. ऐकून अभिमान वाटतो. पण आपल्याकडे तसे करा असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे पेपराच्या दिवशी गरिबाचे मूल घरी राहिले तर ते कायमचेच घरी राहण्याची भीती.

आणि आम्हा शिक्षकांनाही एक बोलणे आहे. २०२३ साली मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची "प्रेरणा परीक्षा" योजली गेली तेव्हा शिक्षक संघटनांनी विरोध केला. एका पेपराने शिक्षकाची पारख होत नाही असे मलाही वाटते. मग दहा वर्षांच्या मुलाची कशी होते, हे आपण स्टाफरूममध्ये कधी बोलतो का? २०२५ साली पहिली ते नववीसाठी राज्यभर ८ ते २५ एप्रिल असे एकच वेळापत्रक जाहीर झाले. तेव्हा मात्र शिक्षक आणि पालक एकाच सुरात बोलले. मुले शाळेत टिकावीत हा खात्याचा हेतू समजतो; पण आपल्याकडचा एप्रिल कसा असतो! त्यात शेवटचा पेपर २५ ला आणि निकाल १ मे ला. पाच दिवसांत वर्गभर पेपर तपासणारी बाई "प्रत्येकी" कोठून शोधणार?

कोल्हापूरच्या लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन-आनंद विद्यालय काढले आणि गुणांच्या चढाओढीवाचून मुले शिकतात हे दाखविले. तेवढी ताकद आपल्यात नाही, नसो. समितीत आपल्या जागा तर आहेत!

फार बोलले. आता कामाचे सांगते. ज्यांची मुले, नातवंडे पाचवी-आठवीत आहेत त्यांनी चहाच्या वेळी नाव आणि शाळा माझ्या वहीत लिहून द्यावी. समितीत तुमचे नाव आहे का ते आधी पाहू. नसेल तर पुढच्या पालकसभेला मी बरोबर येईन. शिकविण्यासाठी सकाळचे दोन तास देणाऱ्या तिघी-चौघी हव्या आहेत. गणित यावयास हवे असे नाही. माझी ती जुनी मुलगी मागे, दाराशी बसली आहे. धड्याचे वाचन घेण्याचे तिने आधीच कबूल केले आहे.