क्रूझ मुंबईहूनच का सुटते, गोव्याहून का नाही?

(या भागात जे बोललो त्याचं हे लिखित रूप. वाचायला सोपं जावं म्हणून वाक्यं थोडी नीट केली आहेत, बाकी सगळं बोललो तसंच.)

सक्करदऱ्यातून बोलतोय, म्हणजे समुद्रापासून रस्त्याने सातशे किलोमीटरहून लांब. आणि आजचा विषय आहे समुद्रावरची जहाजं. हसू नका. एका श्रोत्याने विचारलं होतं की आईबाबांना क्रूझवर पाठवायचं आहे, जायचं तर गोव्यालाच आहे, मग जहाज पकडायला मुंबईला कशाला जायचं? गोव्यात इतकं मोठं बंदर आहे, जहाज तिथूनच का सुटत नाही?

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर शोधता शोधता मी नागपूरच्याच एका जुन्या प्रश्नापाशी येऊन पोचलो. ते शेवटी सांगतो.

आधी दोन शब्द. क्रूझच्या धंद्यात बंदरं दोन प्रकारची. एक होम पोर्ट, म्हणजे जिथून सहल सुरू होते आणि जिथे संपते. दुसरं पोर्ट ऑफ कॉल, म्हणजे जिथे जहाज सकाळी लागतं, लोक उतरून फिरतात आणि संध्याकाळी परत चढतात. आपल्या ट्रॅव्हल्सच्या बससारखंच आहे. बस धाब्यावर थांबते आणि डेपोतही थांबते, पण डिझेल, झाडझूड, ड्रायव्हर बदलणं, पुढच्या फेरीचं बुकिंग हे सगळं डेपोत होतं. धाबा कितीही चांगला असला तरी त्याचा डेपो होत नाही.

होम पोर्टवरचा दिवस कसा असतो बघा. जहाज सकाळी लागतं. अठराशे लोक सामानासकट उतरतात. दुपारपर्यंत सगळ्या खोल्या साफ, चादरी बदललेल्या. कचरा खाली, भाजीपाला, दूध, धान्य वर, आणि इंधन. काही कर्मचारी सुट्टीवर जातात, काही नवीन येतात. त्याच वेळी नवे अठराशे लोक चेक-इन, सुरक्षा तपासणी, आणि सहल परदेशी असेल तर इमिग्रेशन करून चढतात. संध्याकाळी जहाज सुटलंच पाहिजे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या बंदरात त्याची जागा ठरलेली असते. सगळं मिळून आठ-दहा तास. आमच्या भाषेत सांगायचं तर ही रोजच्या चालू सिस्टीमवर केलेली डिप्लॉयमेंट आहे, आणि ती दर तीन-चार दिवसांनी करायची आहे.

आता कंपनी बंदर कसं निवडते? मी इंजिनिअर आहे, मला हे दोन टप्प्यांत दिसतं: आधी चाळणी, मग क्रमवारी.

चाळणीत अशा गोष्टी येतात ज्यांच्यावर तडजोड होत नाही. अमेरिकेतलं टँपा घ्या. चांगलं शहर, चांगलं विमानतळ. पण बंदरात जायच्या वाटेवर सनशाईन स्कायवे नावाचा पूल आहे, पाण्यापासून साधारण 55 मीटर उंच. आजची सर्वात मोठी क्रूझ जहाजं त्याच्याखालून जातच नाहीत. ती फ्लोरिडाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर पोर्ट कॅनाव्हेरल किंवा मायामीला जातात. व्हेनिसचं उदाहरण कायद्याचं आहे. ऑगस्ट 2021 पासून इटलीने मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या मधल्या कालव्यातून जायला बंदी केली, आणि जहाजं ट्रिएस्ट, मोनफाल्कोने, राव्हेन्ना अशा आसपासच्या बंदरांत विखुरली. तुमचं शहर जगात सर्वात सुंदर असेल, पण जहाज आत येत नसेल तर विषय संपला.

मुंबई आणि गोवा, दोघेही चाळणीतून पार होतात. गोव्याच्या मुरगावला जहाजं वर्षानुवर्षं लागत आहेत. म्हणजे फरक क्रमवारीत आहे. आणि क्रमवारीत पहिला निकष बंदराचा नसतोच, तो प्रवाशांचा असतो. भरायचं कोणी?

जरा हिशेब करू. कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाज सप्टेंबर 2021 पासून मुंबईहून चालतंय. जुनं जहाज आहे, 1990 चं. समजा एका फेरीला 1,800 लोक. आठवड्यात दोन फेऱ्या, म्हणजे 3,600. पावसाळा सोडून 30 आठवडे धरले तर एका मोसमात एक लाखाहून जास्त जागा. हा माझा अंदाजी हिशेब आहे, कंपनीचा आकडा नाही, पण आवाका कळायला पुरेसा आहे.

आता 2011 ची जनगणना बघा. गोव्याची लोकसंख्या 14.58 लाख. म्हणजे जहाज फक्त गोवेकरांनी भरायचं तर दर तेरा-चौदा माणसांमागे एकाने दरवर्षी क्रूझला जावं लागेल. आणि मुंबई? शहर आणि उपनगर मिळून 1 कोटी 24 लाख. तेव्हाचा ठाणे जिल्हा 1 कोटी 10 लाख. पुणे जिल्हा 94 लाख. शिवाय सुरत, अहमदाबाद, नाशिक हे सगळे एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर.

तुम्ही म्हणाल, लोक विमानाने गोव्याला येतातच की, तसेच जहाजासाठीही येतील. बरोबर. पण इथे सहलीची लांबी आडवी येते. सात रात्रींची सहल असेल तर माणूस विमानाचं तिकीट काढतो, कारण ते एकूण खर्चात पचतं. दोन किंवा तीन रात्रींची सहल असेल तर जाण्यायेण्याचा विमानखर्च बोचायला लागतो. चार जणांचं कुटुंब असेल तर जास्तच. म्हणून माझा नियम असा: सहल जितकी छोटी, तितका प्रवासी जवळचा हवा. अमेरिकेत टेक्सासचं गॅल्व्हेस्टन याच हिशेबावर चालतं. ह्यूस्टन-डॅलसकडचे लोक गाडी काढून येतात, गाडी पार्क करतात आणि जहाजात बसतात. आणि आपल्याकडे खपतात त्या सहली छोट्याच आहेत. शुक्रवार-शनिवार-रविवारवाल्या.

दुसरी गोष्ट, जहाजाला कुठेतरी जायचंही असतं. मुंबईहून संध्याकाळी निघालं की रात्रभर चालून सकाळी गोवा. दिवसभर लोक फिरले, संध्याकाळी परत निघालं, सकाळी मुंबई. दोन रात्रींत चक्र पूर्ण. पुढे वाढवायचं तर लक्षद्वीप, कोची. आता हेच उलटं करा. गोव्याहून निघालेलं जहाज एका रात्रीत जाणार कुठे? उत्तरेला मुंबई. पण मुंबईला एक दिवस फिरायला म्हणून किती लोक क्रूझचं तिकीट काढतील? गोव्याच्या नावावर तिकीट विकलं जातं, म्हणूनच गोवा हे त्या सहलीचं 'कुठे' आहे. मुंबई हे 'कुठून' आहे. गोवा जितका आकर्षक, तितका तो मुक्कामाचा मुद्दा होतो, निघण्याचा नाही. मला हे सगळ्यात गमतीचं वाटलं. गोव्याचं जे बलस्थान आहे तेच त्याला होम पोर्ट होऊ देत नाही.

इतिहास बघा. स्टार क्रूझेसचं सुपरस्टार लिब्रा मुंबईहून चाललं. कोस्टाचं निओक्लासिका 2016 च्या डिसेंबरपासून मुंबई ते मालदीव फेऱ्या करू लागलं. ऑक्टोबर 2018 ला 'आंग्रिया' सुरू झालं, मुंबई ते गोवा. उद्घाटनाला आपले नितीन गडकरी होते. एप्रिल 2019 ला जलेशचं 'कर्णिका' आलं, आणि 2020 मध्ये कोविडच्या काळात ती कंपनीच बंद पडली. मालक वेगळे, जहाजं वेगळी, पण सुरुवात प्रत्येकाने मुंबईतच केली.

आता 'जवळचं दुसरं बंदर' म्हणून गोव्यापेक्षा जवळचं एक उदाहरण देतो. मुंबई बंदराच्या बरोबर समोर, त्याच खाडीच्या पलीकडे, न्हावा शेवा आहे. 1989 ला सुरू झालं. मोकळी जमीन, ट्रेलरला जागा, आधुनिक क्रेन. कंटेनर हळूहळू तिकडे गेले. मग क्रूझ जहाजं का नाही गेली? कारण कंटेनरला स्टेशन लागत नाही. माणसाला लागतं. बॅलार्ड पियर सीएसएमटीपासून दोन किलोमीटरच्या आत आहे. एकाच खाडीत मालाने एक काठ निवडला आणि माणसांनी दुसरा.

आणि हे आजचं नाही. ब्रिटिश काळात पी अँड ओ कंपनीच्या बोटी इंग्लंडहून टपाल आणि प्रवासी घेऊन बॅलार्ड पियरला लागायच्या, तेव्हा धक्क्यालाच लागून बॅलार्ड पियर मोल नावाचं स्टेशन होतं. बोटीतून उतरा आणि गाडीत बसा. 1928 ला सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटीच्या मोसमात तिथूनच पेशावरकडे सुटायची. तेव्हाही बंदराची निवड म्हणजे पुढच्या गाडीची निवड होती.

बॅलार्ड पियरची आणखी एक सोय. मुंबईला भरती-ओहोटीचा फरक मोठा, म्हणून आतल्या इंदिरा गोदीला दार आहे. बॅलार्ड पियरचे धक्के त्या दाराच्या बाहेर, थेट बंदरात आहेत. दारातून आत-बाहेर करण्यात जाणारा वेळ वाचतो. दहा तासांच्या कामात तो महत्त्वाचा.

त्यानंतर येते धक्क्याची हमी. इटलीत जेनोआ आणि सव्होना ही बंदरं एकमेकांपासून साधारण 45 किलोमीटरवर. कोस्टाचं मुख्यालय जेनोआत, पण कंपनीने क्रूझ टर्मिनल उभारलं ते सव्होनाला, 2003 मध्ये. स्वतःचं टर्मिनल असलं की जागेसाठी कोणाच्या मागे उभं राहावं लागत नाही. मुरगाव हे मुळात लोहखनिज आणि कोळशाचं बंदर, तिथे क्रूझ ही पाहुणी. तिथे आता क्रूझ टर्मिनलचं काम चाललंय. मुंबईत 20 सप्टेंबर 2025 ला नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. सव्वाचार लाख चौरस फुटांच्या आसपास जागा, 72 चेक-इन आणि इमिग्रेशन काउंटर, वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता.

पण इथे सावध राहायला हवं. टर्मिनल बांधलं म्हणून जहाज येत नाही. 2024 ला सुरू झालेल्या 'क्रूझ भारत मिशन'मुळे बऱ्याच बंदरांत इमारती होतील. इमारत चेक-इनची रांग छोटी करते, रांगेत उभी राहणारी माणसं ती कुठून आणणार? गोव्याच्या टर्मिनलला मी नावं ठेवत नाही. लोकांना नीट उतरता येणं, टॅक्सीवाल्याला दिवसाचं भाडं मिळणं, हे गरजेचंच आहे. फक्त 'आम्ही होम पोर्ट होणार' म्हणून खर्च करायचा, तर आधी हिशेब करावा. पोर्ट ऑफ कॉलला दिवसाची कमाई मिळते. आदल्या रात्रीचं हॉटेल, जहाजाचा किराणा, इंधन, कर्मचाऱ्यांची ये-जा, हे पैसे होम पोर्टलाच पडतात.

आणि होम पोर्टही कायमचं नसतं. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो, तेव्हा 'एम्प्रेस' 2022 च्या जूनमध्ये चेन्नईला गेलं आणि तिथून फेऱ्या केल्या. जहाजाला चाकं नाहीत, पण मुळंही नाहीत.

आता नागपूरचं. आपल्याला लहानपणापासून सांगतात, झिरो माईल आपल्याकडे, देशाच्या मधोमध आपण, म्हणून नागपूर हब होणारच. आणि एकेकाळी होतंही. जानेवारी 1949 पासून रात्रीची हवाई टपाल सेवा होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चार दिशांनी विमानं निघायची, मध्यरात्री सोनेगावला भेटायची, टपाल आणि प्रवासी अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत परत. जगातही तेव्हा असं फार कुठे नव्हतं. पण त्यातलं टपाल नागपूरचं नव्हतं, इथे फक्त बदलत होतं. थेट विमानं वाढली तशी इथे थांबायची गरज संपली.

म्हणजे आपण पोर्ट ऑफ कॉल होतो. याउलट मिहानमध्ये एअर इंडियासाठी बोईंगने बांधलेलं विमान दुरुस्ती केंद्र बघा. तिथे विमान कामासाठी येतं, कारण तांत्रिक माणसं आणि हँगर इथे आहेत. ते डेपोचं काम आहे. मधोमध असणं ही चाळणी आहे, तिच्यातून आपण पास आहोत. पण क्रमवारीत वर यायला इथून काहीतरी सुरू व्हावं लागतं, माल किंवा माणसं किंवा कौशल्य. नकाशा दाखवून हब होत नाही.

शेवटी त्या श्रोत्यासाठी. आईबाबांना मुंबईहूनच पाठवा. दुरंतो रात्री नागपूरहून निघते, सकाळी सीएसएमटीला पोचते, तिथून धक्का जवळ, जहाज संध्याकाळी. फक्त चेक-इन बंद व्हायची वेळ तिकिटावर नीट बघा. गाडीला उशीर होऊ शकतो आणि जहाज थांबत नाही, म्हणून वय जास्त असेल तर एक दिवस आधीच पोचलेलं बरं. जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्याचा बेत करू नका. परतीच्या दिवशी जहाज सकाळी लागलं तरी उतरायला वेळ लागतो, म्हणून परतीचं तिकीट रात्रीचं काढा.

तुमच्या गावाचं काही असं असेल, जे दिसतं 'कुठे' पण व्हायचंय 'कुठून', तर नक्की कळवा. एक भाग त्यावरही करू. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.