वेंडेलिन ग्रिमचा घास
(आकाशवाणीवरील शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील भाषण)



आज मी खताचे डोस किंवा फवारणीची औषधं सांगायला आलेलो नाही. आज एका शेतकऱ्याच्या घरची हकिकत सांगणार आहे. हा शेतकरी आपल्यातला नव्हता. जातीचा जर्मन, आणि शेती केली अमेरिकेत. पण त्याचं पीक आपल्या ओळखीचं आहे. विहिरीच्या पाटाकडेला दोन-चार वाफे असतात ना, तोच आपला लसूणघास! दावणीला दुभतं जनावर असलं की या घासाची किंमत कळते. तेव्हा हकिकत परक्याची असली तरी कामाची आहे. जरा कान देऊन ऐका.

या शेतकऱ्याचं नाव वेंडेलिन ग्रिम. जन्म १८१८ सालचा. जर्मनीच्या नैऋत्य भागात बाडेन नावाचं राज्य होतं, त्यात कुल्सहाइम हे त्याचं गाव. त्या मुलखात बापाच्या जमिनीच्या मुलांमध्ये वाटण्या होत. दोन-तीन पिढ्यांत एकेका घराकडे चार ठिकाणचे तुकडे उरत. हे दुखणं आपल्याला नवीन नाही. त्यात १८४० नंतरच्या काळात बटाट्यावर रोग आला, धान्य महागलं, आणि १८४८-४९ साली बाडेनमध्ये राज्यकर्त्यांविरुद्ध उठाव होऊन तो मोडला गेला. त्या काळात जर्मनीतली हजारो शेतकरी कुटुंबं अमेरिकेची वाट धरू लागली.

१८५७ साली वेंडेलिन ग्रिमही निघाला. वय चाळिशीच्या घरात. बरोबर बायको जुलियाना आणि लेकरं. समुद्रापलीकडे जायचं म्हणजे सामान किती नेणार? जे नेलं त्यात बियाण्याची एक पिशवी होती. पंधरा-वीस पौंड, म्हणजे आपल्या हिशेबाने सात ते नऊ किलो बी. गावाकडचा लसूणघास! त्याचे लोक या घासाला ‘कायमचा घास’ म्हणत, कारण एकदा पेरला की वर्षानुवर्षं कापत राहायचं.

ग्रिम कुटुंब मिनेसोटा या उत्तरेकडच्या मुलखात, कार्व्हर जिल्ह्यात चास्का गावाजवळ उतरलं. मिनियापोलिस शहराच्या नैऋत्येला हा भाग येतो. १८५८ साली मिनेसोटाला अमेरिकेत राज्याचा दर्जा मिळाला. त्याच वर्षीच्या वसंतात ग्रिमने आपली पिशवी सोडली आणि घास पेरला.

आता तिथली थंडी कशी असते ते ध्यानात घ्या. आपल्याकडे पारा आठ-दहा अंशांवर आला की आपण शेकोटी पेटवतो. तिथं हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली तीस अंशांपर्यंत उतरतो. जमीन दगडासारखी गोठते, मग थोडी सुटते, पुन्हा गोठते. या ओढाताणीत रोपाची मुळं जमिनीतून वर उचकटली जातात. घासाचं खोड जमिनीलगत जिथं फुटतं, तिथले डोळे गारठून मरतात. बाडेनची हवा त्या मानाने सौम्य. त्यामुळे पहिल्याच हिवाळ्यात ग्रिमच्या घासाची पुष्कळ रोपं मेली. पुढच्या हिवाळ्यांतही तेच.

मंडळी, आपण काय केलं असतं? पीक मोडलं असतं आणि म्हटलं असतं, ‘हे या मातीत यायचं नाही.’ ग्रिमने तसं केलं नाही. जी रोपं वाचली, त्यांचं बी धरलं आणि तेच पुन्हा पेरलं. पुन्हा थंडीने काही मारली. पुन्हा वाचलेल्यांचं बी धरलं. असं एक-दोन वर्षं नव्हे, वर्षांमागून वर्षं चाललं. शेवटी त्याच्या वावरात असा घास तयार झाला, की जो मिनेसोटाचा हिवाळा अंगावर घेऊन वसंतात पुन्हा फुटत होता.

यात जादू नव्हती. लसूणघासात एका रोपाचा पराग दुसऱ्या रोपावर जातो, आणि हे काम मधमाश्या करतात. त्यामुळे एका पिशवीतल्या बियांमध्येसुद्धा प्रत्येक रोपाचा गुण थोडा वेगळा असतो. ग्रिमने आणलेल्या बियाण्यात तर आणखी एक गोष्ट होती. लसूणघासाचं नेहमीचं फूल जांभळं. पण थंड मुलखात पिवळ्या फुलाचा एक रानटी भाऊबंद असतो, त्याचं रक्त या घासात पूर्वीच कधीतरी मिसळलेलं होतं. म्हणून काही रोपांत थंडी सोसण्याचा गुण होताच. निवड थंडीने केली आणि बी ग्रिमने धरलं. दोघांनी मिळून वाण घडवला.

१८६३ साली त्या भागात अवर्षण पडलं. असं सांगतात, की ग्रिम आपली धष्टपुष्ट गुरं बाजाराला नेत असताना एका शेजाऱ्याने विचारलं, ‘अशा वर्षात गुरांना घालायला मका कुठून आणलास?’ ग्रिमचं उत्तर असं, की मक्याचा दाणा घातला नाही, नुसता कायमचा घास घातला. हळूहळू शेजारपाजारच्या जर्मन कुटुंबांनी त्याच्याकडून बी नेलं. १८८९ साली सगळ्या मिनेसोटात मिळून जेवढा लसूणघास होता, त्यातला जवळजवळ निम्मा एकट्या कार्व्हर जिल्ह्यात उभा होता.

त्या घासावर दुभती जनावरं पोसली गेली. १८७६ साली ग्रिमच्या शेतावर विटांचं घर उभं राहिलं. १८९० साली वेंडेलिन ग्रिम वारला. आपण काही मोठं काम केलं, असं त्याने कधी सांगितल्याचं ऐकिवात नाही. त्याच्या लेखी तो घरचा घास होता, दुसरं काही नाही.

मग जगाला कळलं कसं? शेजारच्या भागात आर्थर लायमन नावाचे गृहस्थ शेती करीत. त्यांच्या पाहण्यात आलं, की बाजारातून आणलेल्या बियाण्याचा लसूणघास हिवाळ्यात मरतो आणि शेजारच्या जर्मनांचा घास मात्र तगतो. १९०० च्या सुमारास त्यांनी ही गोष्ट मिनेसोटा विद्यापीठातले प्राध्यापक विलेट हेज यांच्या कानावर घातली. हेज यांनी ती हसण्यावारी नेली नाही. बी मागवलं, प्रयोग केले, इतर थंड भागांत पेरून पाहिलं आणि त्याला ‘ग्रिम’ हे नाव दिलं. १९११ साली अमेरिकेच्या शेती खात्याने या वाणावर स्वतंत्र पुस्तिका काढली. मग अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत आणि कॅनडात, जिथं लसूणघास येणार नाही असं धरून चालले होते, तिथं तो पसरला. १९२४ साली ग्रिमच्या शेतावर त्याच्या नावाची स्मारकपाटी बसवण्यात आली, आणि १९७४ साली त्या शेताची नोंद देशाच्या ऐतिहासिक स्थळांत झाली.

हकिकतीचा शेवटही सांगायला हवा, नाहीतर ती अर्धी राहील. पुढे या घासावर जिवाणूंमुळे होणारा मर रोग आला. थंडीला न डगमगणारा ग्रिम या रोगापुढे टिकेना. तेव्हा संशोधकांनी रोगाला दाद न देणारे नवे वाण काढले, आणि १९४० नंतर त्यांनी ग्रिमची जागा घेतली. म्हणजे शेतकऱ्याने सुरुवात केली, आणि नवं संकट आल्यावर संशोधनाने पुढचं पाऊल टाकलं. दोन्ही हात लागतात.

आता ही हकिकत मी आज का सांगतोय? कारण यात माझी स्वतःची एक चूक अडकलेली आहे.

नोकरीला लागून मला वर्ष-दीड वर्ष झालं असेल. बीएस्सी ॲग्रीची पदवी ताजी, अंगात उत्साह. एका गावात एका काकूंच्या मळ्यात गेलो. नवरा वारलेला, दोन म्हशींच्या दुधावर पोराबाळांची शिक्षणं. पाटाकडेला जुना लसूणघास. त्या साली पावसाने झोडपलं होतं, वाफ्यांत पाणी साचून अर्धा घास मुळं कुजून गेला होता. राहिलेला विरळ, इथं चार रोपं, तिथं सहा. मी म्हटलं, ‘काकू, मोडा हा घास आणि नवीन बी पेरा.’ त्या म्हणाल्या, ‘भाऊ, जे मेलं ते मेलं. जे वाचलं ते का मोडू?’

मी समजावलं, आणि मोठा वाफा त्यांनी माझ्या शब्दावर मोडला. एक लहान वाफा मात्र ठेवला. बाजारातून आणलेलं बी नवीन वाफ्यात पेरलं. उगवण झकास झाली. दुसऱ्या कापणीला बघतो तर काय, पिवळे दोरे घासावर चढलेले. अमरवेल! बियाण्यातूनच आली होती. मी पिशवी तपासली नव्हती. सांगितलं मी आणि भोगलं त्यांनी. दूध कमी झालं, वैरण विकत घ्यावी लागली, आणि त्या साली थोरल्या पोराची फी त्यांनी उसनवार करून भरली. मला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

पुढच्या साली त्यांनी लहान वाफ्यातल्या वाचलेल्या रोपांचं बी धरलं आणि तेच पेरलं. त्या बियाण्यात अमरवेल नव्हती. पाऊस सोसण्यातही तो घास मला बरा वाटला, पण एका वाफ्यावरून मी ठाम सांगणार नाही. ग्रिमला त्यासाठी किती वर्षं लागली ते आपण आत्ताच पाहिलं.

आपल्याकडे घासाला मारणारी थंडी नाही. आपल्याकडे त्याला मारतं ते साचलेलं पाणी, उन्हाळ्याची होरपळ आणि अमरवेल. पण रीत तीच. संकट आलं की ते निवड करून जातं. त्यातून वाचलेलं ओळखायचं की मोडायचं, हे आपल्या हातात असतं. आपल्याच मुलखातला दाखला हवा तर मालदांडी ज्वारी घ्या. सोलापूरकडच्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जपलेल्या मालदांडीतूनच मोहोळच्या केंद्रावर निवड करून एम ३५-१ हा वाण काढला गेला, आणि आजही रब्बीत त्याचं नाव आहे.

एक इशारा मात्र देतो. घरचं बी धरायचं ते सरळ वाणाचं. संकरित, म्हणजे हायब्रीड पिकाचं बी धरून पेरलं तर पुढच्या पिढीत गुण फाटतात, पीक एकसारखं येत नाही. तिथं दरवर्षी नवं बी घ्यावंच लागतं. लसूणघासाचे आर एल ८८ सारखे वाण सरळ आहेत, त्यांचं बी धरता येतं.

आता लसूणघासाबद्दल ध्यानात ठेवण्यासारख्या गोष्टी :

१. जमीन निचऱ्याची हवी. पाणी साचणाऱ्या वाफ्यात हा घास टिकत नाही. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दोन ओळींत एक फूट अंतर ठेवून. हेक्टरी साधारण २५ किलो, म्हणजे एकरी १० किलो बी पुरतं. पेरण्यापूर्वी बियाण्याला रायझोबियम जिवाणू संवर्धन चोळावं.

२. पहिली कापणी ५० ते ५५ दिवसांनी, पुढच्या साधारण २५ दिवसांच्या अंतराने. बहुवर्षायू वाण नीट सांभाळला तर तीन वर्षं सहज चालतो.

३. विकतचं बी घेताना पिशवीवरची खूणचिठ्ठी पाहा, पावती जपून ठेवा. अमरवेलीचं बी घासाच्या बियाण्याएवढंच बारीक असतं, चाळणीने पुरतं निघत नाही. वाफ्यात पिवळा दोरा दिसला की तेवढा घास अमरवेलीला फुलं यायच्या आत मुळापासून कापून जाळावा. तिचं बी जमिनीत कित्येक वर्षं जिवंत राहतं. अशा वाफ्याचं बी कधीही धरू नये.

४. बी धरायचं तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा, निरोगी आणि पावसाळा सोसून दाट राहिलेला वाफा निवडावा. थंडी सरल्यावर कापणी थांबवून घास फुलू द्यावा. फुलोऱ्यात फवारणी करू नये, कारण मधमाश्या मेल्या तर दाणे भरणार नाहीत. शेंगा तपकिरी झाल्या की कापून, वाळवून, झोडून बी कोरड्या डब्यात ठेवावं. डब्यावर वर्ष आणि वाफा लिहून ठेवावा.

५. कोवळा, ओला घास उपाशी जनावरापुढे एकदम टाकू नये, पोट फुगून जनावर दगावतं. आधी कडबा किंवा वाळलेली वैरण, मग घास.

आणि माझ्यासारख्या कृषी अधिकाऱ्यांसाठी सहावी गोष्ट : शेतकऱ्याने एखादं पीक का राखलंय, हे मोडायला सांगण्यापूर्वी विचारावं. हेज यांनी विचारलं, म्हणून ग्रिमचं नाव राहिलं.

वेंडेलिन आणि जुलियाना ग्रिम यांनी घर सोडताना सात-नऊ किलो बी बरोबर घेतलं. मेलेल्या रोपांकडे पाहून ते रडत बसले नाहीत, वाचलेली मोजली. तुमच्या घरीही फडताळात, कणगीत, मडक्यात एखादं जुनं बी असेल. टाकून देण्यापूर्वी एक वाफा पेरून बघा. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा, ते कुठून आलं आणि कोणत्या साली तगलं. ती हकिकत वहीत लिहून ठेवा. बी आणि त्याची हकिकत दोन्ही जपली, तर पुढच्या पिढीच्या कामाला येतील.

नमस्कार.